सटवाकाकांची काळी पट्टी

शिरूर कासारच्या वरच्या अंगाला, डोंगराच्या पायथ्याशी आमची वस्ती आहे. दिवाळी सरली की ती ओस पडते. माणसं बिऱ्हाडं घेऊन ऊसतोडीला जातात. दाराला कुलूप, आणि कुत्री-शेळ्या शिरू नयेत म्हणून कुलपापुढं बाभळीच्या काट्यांचा ढीग. मागं म्हातारी माणसं उरतात. सटवाकाका त्यातलेच.

काकांनी जन्मभर या डोंगरात शेरडं राखली. वणव्याची चाल त्यांना ठाऊक होती. डोंगर आणि घरांच्या मधलं गवत आपणच जाळायचं, ओल्या गोणपाटांनी दाबत दाबत. तशी काळी पट्टी पडली की वणव्याला पुढं खायला काही उरत नाही. पण पट्टीला माणसं लागतात. माणसं असतात तेव्हा गवत हिरवं असतं, आणि गवत वाळतं तेव्हा माणसं उसाच्या फडात.

यंदा माणसं निघताना काकांनी पुतण्याला हटकलं होतं.

"लखन, काट्या तेवढ्या दारातून काढ. ठिणगी पडली तर दार पेटंल."

"मंग कुत्र्यांना काय सांगून जाऊ, काका?" लखन हसला. "तुमी हाय की राखायला."

लखनची बायको संगीता आणि बिऱ्हाड लादलेल्या ट्रॅक्टरवर बसलेली सगळीच हसली. काकाही हसले, आणि राखीन म्हणाले.

फाल्गुनातल्या एका दुपारी डोंगरमाथ्यावर धूर दिसला. वारा सरळ वस्तीवर येत होता. शेजारच्या दगडाबाईंनी बंबाला फोन लावला. बंब दुसऱ्या आगीवर गेलेला. वस्तीत हिंडतीफिरती तीनच माणसं होती, काका, दगडाबाई आणि एका पायानं लंगडणारा नाथा.

काकांनी घरं आणि डोंगराच्या मधल्या गाडीवाटेच्या कडेला गवत पेटवलं.

"सटवा, येडा झालास का बे?" नाथा म्हणाला. "वारं बघ. आपलीच आग आपल्या अंगावर येईल."

"म्हणून तर वाटंवर उभा केलाय तुला. हाण."

तिघांनी ओली गोणपाटं हाणत आग वाटेवर थोपवली. जळालेली जमीन हळूहळू डोंगराकडं सरकली. वणवा खाली आला तो तिथं आडवा पडला आणि विझत गेला. दगडाबाईंनी गोणपाट खाली टाकलं. "झालं बाई," म्हणाल्या.

तेवढ्यात वाऱ्याचा लोट आला. गवताचे पेटते झुपके पट्टीवरून, तिघांच्या डोक्यांवरून उडाले आणि लखनच्या दारात पडले. वाळलेल्या काट्यांनी भडका घेतला. काका धावले, नुसत्या हातांनी काट्या ओढू लागले. हात फाटले. आग दारावरून छपराला गेली, छपरावरून कडब्याच्या गंजीला, तिथून पुढच्या घराच्या काट्यांना.

नाथानं त्यांना मागून कवेत आवळलं. "सोड बे. तू मेल्यानं काय इझायचं न्हाई."

दिवस मावळताना लखनचा फोन आला. मागं कोयते चालल्याचा आवाज.

"काका, लोक काय काय सांगायलेत. आपलं घर हाय ना?"

"न्हाई, लेका."

लखननं आवाज खाली घेतला.

"संगीताला आत्ताच सांगू नका. फडात हाय ती."

"तू कवा येतूस?"

"कुठं येऊ, काका?"

काकांनी फोन कानाला तसाच धरून ठेवला. थोड्या वेळानं पलीकडं, फोनच्या अगदी जवळ, लखनचाही कोयता चालू झाला.