व्हाइसचा तुटका दात

आमच्या नाणी मंडळाचा एक नियम आहे. ज्याच्या नाण्याला व्हर्नन "मार लागलाय" म्हणेल, त्यानं पुढच्या बैठकीला फळांची गोड पाई भाजून आणायची. चर्चच्या तळघरात महिन्यातून एकदा जमतो आम्ही, आणि देवदयेनं पाईची वानवा कधी पडली नाही.

व्हर्नन ह्रुस्का रेल्वेतून निवृत्त झालेला. अबोल, मुलखाचा हट्टी. लोक धापा टाकत येतात, टाकसाळीत चुकून वेगळं छापलेलं दुर्मिळ नाणं सापडलं, आता नशीब उघडलं म्हणून. हा भिंग डोळ्याला लावतो. "टाकसाळ कुठली? कपडे वाळवायच्या यंत्रात अडकून घासलंय हे. चेरीची आण." समोरचा रडकुंडीला आला तरी हा खोटं बोलणार नाही.

गेल्या वर्षी ल्युसिल मंडळात आली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. दर महिन्याला एक नाणं घेऊन यायची, आणि दर वेळी त्यावर उलटी, आत रुतलेली अक्षरं.

"दोन नाणी एकत्र धरून व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळली की अशी अक्षरं उमटतात," व्हर्नन सांगायचा. "आणि कडेवर हा तिरपा ओरखडा. व्हाइसचा दात तुटकाय. मार लागलाय."

"अगंबाई, पुन्हा?" ल्युसिल हसायची. पुढच्या महिन्यात पाई हजर, आणि सगळ्यात मोठा तुकडा व्हर्ननच्या बशीत.

सगळं मंडळ काय ते समजून चुकलं होतं. हा ठोंब्या सोडून.

मार्चमध्ये कप विसळताना ल्युसिल मला म्हणाली, "एड्ना, लेक ॲरिझोनाला बोलावतेय, कायमची. मेमध्ये जाईन म्हणते. या मेल्याला नाण्यावरचं सगळं दिसतं गं, समोरचं माणूस दिसत नाही."

"मग तोंडानं सांग की!" माझं डोकंच फिरलं.

"या वयात? शोभतं का?" तिचे डोळे भरून आले. मलाही फार वाईट वाटलं.

एप्रिलच्या बैठकीत व्हर्नननं भिंग माझ्यापुढे सरकवलं, आणि खिशातून एक नाणं काढलं. "एड्ना, आज तू बघ."

व्हर्ननचं नाणं, आणि तपासायला मी! पाहिलं, तर उलटी अक्षरं, आत रुतलेली. आणि कडेवर तोच तिरपा ओरखडा. तुटक्या दाताचा तो व्हाइस अख्ख्या गावात एकाच गॅरेजात आहे, ल्युसिलच्या.

"मार लागलाय," मी कसंबसं म्हटलं.

"माहितेय," व्हर्नन म्हणाला. कान लालबुंद झालेले. "पण पाई मला येत नाही. ल्युसिल शिकवते म्हणालीय. जमेपर्यंत."

"डोक्यानं मंद आहे हो," ल्युसिल त्याच्या शेजारची खुर्ची ओढत म्हणाली. "वर्षं लागतील."

येत नाही म्हणून लेकीला तिनं आदल्या दिवशीच फोन करून सांगितलं होतं.