बाकडं सोडायचं न्हाय

कुठंही भांडण लागलं की साऱ्या जगाचे डोळे भांडणाऱ्यांकडे जातात. माझे आतोबा हा जगातला एकमेव माणूस, ज्याचे डोळे अशा वेळी बाकड्याकडे जायचे. आठवडाभर वडगावातल्या आपल्या यंत्रमागांवर साड्या विणायच्या आणि सुटीच्या दिवशी बेळगावच्या मैदानावर फुटबॉलच्या सामन्यात चौथा पंच म्हणून उभं राहायचं, असा त्यांचा शिरस्ता. चौथ्या पंचाला तसं फारसं काम नसतं. आतोबांनी ते शोधून काढलं होतं. सामन्याआधी दोन्ही संघांच्या राखीव खेळाडूंच्या बाकड्यांपुढे ते स्वतः फक्कीची पांढरी रेघ ओढायचे, मान वाकडी करून ती सरळ आहे का बघायचे आणि ताकीद द्यायचे, "आत मारामारी लागू दे न्हायतर भूकंप होऊ दे. ही रेघ वलांडली की नाव लिवलं. पुढच्या सामन्याला घरात बसायचं!" मारामारी लागलीच तर मुख्य पंच शिट्टी फुंकत गर्दीत घुसायचा आणि आतोबा मैदानाकडे चक्क पाठ करून, हात पसरून बाकड्यांपुढे उभे राहायचे. "बसा! कुंद्री!" असं मराठीत आणि कानडीत आळीपाळीनं ओरडायचे, म्हणजे कळलं नाही असं म्हणायला कुणाला जागा नको.

यामागं त्यांचं म्हणून एक तत्त्वज्ञान होतं. "जे दोघं भांडत्यात त्यास्नी राग आलेला असतोय. ते दमत्यात आन् गप्प बसत्यात. पण बाकड्यावरनं उठून जातंय त्याला कशाचा राग रं? ते नुसतं भर घालायला जातंय." हे तत्त्वज्ञान मैदानावरच राहिलं असतं तर आम्ही सुखी झालो असतो. बोरगावला एका लग्नात वाजंत्र्यांवरून दोन्हीकडच्या मामांची जुंपली, तेव्हा आतोबा जेवणाच्या पंक्तीपुढं हात पसरून उभे राहिले. "पान सोडायचं न्हाय! भांडणारं दोघं हाईत, त्यांचं त्यास्नी भांडू दे!" पाठीराखे मिळेनात म्हटल्यावर ते दोन मामा थोडा वेळ एकमेकांकडे बघत राहिले आणि मग आपापल्या पानावर जाऊन बसले. जे उठले होते त्यांच्या पानात आतोबांनी पुन्हा जिलेबी पडू दिली नाही. घरी आत्याचं आणि शेजारणीचं नळावर वाजलं आणि मी आत्याच्या बाजूनं बोलायला उठलो, तर माझा चहा बंद! आत्या स्वतः भांडून आली तरी तिला मात्र चहा मिळायचा, कारण ती मैदानातली खेळाडू.

एकदा मी त्यांना मोबाइलवर बर्फावरची हॉकी दाखवली. दोन धिप्पाड गडी हातमोजे फेकून गुद्दागुद्दी करत होते आणि पंच शांतपणे बघत उभे होते. आतोबा हबकले. पण भांडणात पडायला बाकड्यावरून जो पहिला उठेल त्याच्यावर तिथं कितीतरी सामन्यांची बंदी येते, हे मी सांगितल्यावर त्यांचा चेहरा असा उजळला की विचारू नका. "बघ! बर्फात ऱ्हाणाऱ्यांस्नी कळतंय, आन् आमच्या शेजारच्या शहापूरवाल्यांस्नी कळंना!" पुढं आठवडाभर वडगावात त्यांनी भेटेल त्याला थांबवून हेच ऐकवलं.

या रेघेनं त्यांच्या घरातच एक भेग पाडली होती, ती मात्र कुणी बोलून दाखवत नसे. त्यांचा मुलगा विजू फार सुरेख खेळायचा. एका उपांत्य सामन्यात तो राखीव होता आणि मैदानात त्याच्या जिवलग दोस्ताला खाली पाडून लाथा बसत होत्या. विजूनं रेघ ओलांडली. आतोबांनी त्याचं नाव लिहिलं. अंतिम सामना बघायला बंगळूरच्या एका व्यावसायिक क्लबचा माणूस यायचा होता, आणि त्या दिवशी विजू घरात बसला. तो भांडला नाही, ओरडला नाही. फक्त त्यानं खेळणं सोडलं, मागावर बसू लागला आणि वडिलांशी बोलणं कामापुरतंच ठेवलं. "त्यास्नी सांग, सूत संपलंय," असे निरोप आत्या वर्षानुवर्षं या मागावरून त्या मागावर पोचवत राहिली. मला त्या घरात जेवताना फार वाईट वाटायचं.

पुढं विजू त्याच संघाचा प्रशिक्षक झाला. आतोबांचं वय झालं होतं, पंचगिरी सुटली होती. आत्याच्या आग्रहाखातर विजूनं त्यांना संघाच्या बाकड्याच्या टोकाला जागा दिली. पुन्हा एका उपांत्य सामन्यात आमचे खेळाडू भिडले. पंचानं बोलावलं म्हणून विजू सोडवायला आत गेला आणि कुणाच्या तरी धक्क्यानं जोरात पडला. सवयीनं मी बाकड्याकडे बघितलं. राखीव पोरं जागच्या जागी बसली होती, आतोबांची काठी तिथंच होती आणि आतोबा मात्र मैदानात पोचले होते, "माझ्या पोराला हात लावतोस व्हय रं!" असं किंचाळत.

सगळं शांत झाल्यावर ते पंचासमोर जाऊन उभे राहिले. "लिव नाव." तो तरुण पोरगा हसला. "अण्णा, तुमचं काय लिवायचं? जावा, बसा." मग आतोबांनी आपली शिक्षा आपणच दिली. अंतिम सामन्याला सारं वडगाव गेलं आणि आतोबा दारातल्या बाकड्यावर बसून राहिले. मी सोबतीला होतो, पण फोनवरसुद्धा गोल किती झाले ते त्यांनी मला विचारू दिलं नाही.

संध्याकाळी विजू चषक घेऊन तडक घरी आला आणि त्यांच्या शेजारी बसला. आतोबा म्हणाले, "त्या दिवशी तुलाबी असंच झालतं काय रं? पाय आधी गेलं आन् कळालं मागनं?"

"व्हय, आप्पा."

आतोबांनी डोळे पुसले. "तरीबी नाव लिवायलाच पायजे होतं."

"लिवायलाच पायजे होतं," विजू म्हणाला आणि त्यानं चषक त्यांच्या मांडीवर ठेवला. आत्या आत चहा टाकायला गेली. तिच्याकडं त्या दिवसानंतर निरोपाचं काम उरलं नाही.

गेल्या वर्षी आतोबा गेले. सामन्याआधी आता विजू फक्कीची रेघ ओढतो आणि मान वाकडी करून ती सरळ आहे का बघतो. मैदानात भांडण लागलं की माझे डोळे अजून आधी बाकड्याकडे जातात. त्याच्या टोकाची जागा रिकामी असते. तिथं विजू कुणाला बसू देत नाही.