मावशींचं ‘व्हय व्हय’

आमच्या शेजारच्या मावशी कधी कुणाला नाही म्हणत नाहीत. कसलाही सल्ला द्या, ‘व्हय व्हय’ म्हणतात आणि स्वतःच्या मनासारखंच करतात.

परवा गावाजवळच्या कंपनीच्या भिंतीमागच्या भातखाचरात चिखलणी करताना त्यांचा छोटा ट्रॅक्टर रुतला. बांधावरून आम्ही ओरडत होतो, ‘रेस वाढवा’, ‘खाली उतरा’. कुणीतरी जेसीबीला फोनही लावला.

‘व्हय व्हय,’ म्हणत मावशींनी कंपनीच्या भंगारातून आणलेल्या, माल ठेवायच्या लाकडी पॅलेटच्या फळ्या चाकांखाली सारल्या, ट्रॅक्टरवर बसल्या आणि हलकेच क्लच सोडला. ट्रॅक्टर घुरघुरत, डुलत बाहेर आला.

तेवढ्यात जेसीबीवाला पोचला. ‘मावशी, ओढू का?’

‘न्हाई,’ त्या म्हणाल्या. हा शब्द त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदाच ऐकला. ‘बाजूला घे तुझं धूड. अजून अर्धं खाचर ऱ्हायलंय माझं.’