घरचा पीस

गाडी दुकानापुढे उभी राहिली की तो आधी दाराला कान लावायचा. डोळे मिटायचा, एक हात वर करायचा आणि म्हणायचा, "दाब." मी रिमोट दाबून काय बिघडलंय ते सांगायला लागलो की डाफरायचा, "तू गप रे. दाराला बोलू दे."

रत्नागिरीत मांडवीच्या रस्त्यावरचा हा गाड्यांचा इलेक्ट्रिशियन तुम्हीही पाहिला असेल. निदान त्याच्यासारखा एक तरी तुमच्या ओळखीचा असेलच. हात कमी आणि तोंड जास्त चालतं, पण त्या तोंडापायीच आपण पुन्हा तिथे जातो. माझी जुनी गाडी त्याच्या हाताखालून इतक्यांदा गेली, की तो आमच्याकडे जेवायलाच येऊ लागला. अर्धांगानंतर घरात बसलेल्या माझ्या वडिलांना, आण्णांना, तो आला की तरतरी यायची. माशाच्या आमटीत त्रिफळं किती घालावीत यावरून दोघे भांडायचे. आण्णा हरत आले की तो मुद्दाम हरायचा.

गाडीतला टेप चोरीला गेला तेव्हा अलार्म बसवायचं ठरलं. त्याने आतून एक डबा आणला. "हा घरचा म्हणून बाजूला ठेवलेला पीस. परक्याला द्यायचा नाय." मी आपला फुशारलो.

अलार्म बसला आणि दारांना शिंगं फुटली. कधी ड्रायव्हरचं दार बंदच होईना, कधी चारही दारं आपोआप टक करून बंद. त्याने दारांची आतली अस्तरं काढली, लॉकच्या मोटरी बदलून पाहिल्या, दाराच्या सांध्यातल्या रबरी नळीतली वायर बोटांनी चाचपली. "खारा वारा, दुसरं काय," म्हणायचा. दोन दिवस दारं शहाण्यासारखी वागायची, मग पुन्हा तेच. मला राग येत नसे. घरचा माणूस आपल्यासाठी एवढा खपतोय, म्हणून मलाच ओशाळं वाटे.

मग एक दिवस आण्णांना समुद्र दाखवायला मांडवीला नेलं. किल्ली गाडीतच ठेवून मी शहाळं घ्यायला उतरलो, दार लोटलं आणि मागे टक! काचा वर, ऊन रणरणतं आणि आत आण्णा. लॉकची खुंटी त्यांच्या लुळ्या हाताच्या बाजूला. मी काचेवर थापा मारत होतो आणि ते घामाने निथळत माझ्याकडे नुसते बघत होते.

फोन करताच तो धावत आला. पान्ह्याने मागची काच फोडली. हात रक्ताने भरला, तरी आण्णांना त्यानेच उचलून सावलीत आणलं. "आण्णानू, काय तरी बोला," म्हणत रडत होता. माणूस असावा तर असा, हे मी गावभर सांगितलं.

पुढे एकदा मिठाईच्या दुकानात मी किल्ली काउंटरवर ठेवली, तर शेजारचे गृहस्थ रिमोटकडे बघतच राहिले. त्यावर पहिल्यापासूनच लाल नेलपॉलिशचा ठिपका होता. "हा माझ्या मुलीने लावलेला," ते म्हणाले. "दारं आपोआप बंद व्हायची. पोर एकदा आत अडकली, तेव्हाच हा अलार्म काढायला लावला. म्हटलं, फेकून दे."

कोणाला म्हटलं, ते मी विचारलं नाही. तडक दुकान गाठलं. त्याने नाकारलं असतं तरी बरं झालं असतं.

"त्यांचाच तो," हात पुसत तो म्हणाला. "परक्याला लावला असता तर दुसऱ्या दिवशी आणून तोंडावर आपटला असता. तू घरचा, सांभाळून घेणार. आंब्याचं आपण काय करतो? चांगला पेटीत जातो, डागी घरात ऱ्हातो. घरचा माणूस डाग काढून खातो."

आमच्याही घरी तसंच. बिनडागी हापूस आम्हा पोरांच्या वाट्याला कधी आला नाही. घरचं म्हणून काय ठेवतात, हे रत्नागिरीत जन्मून मला कळू नये!

"एक पोर अडकली होती, हे तुला माहीत होतं," मी म्हणालो. "आणि माझ्या गाडीत आण्णा बसतात, हेही."

"दोष सापडत आला होता रे," तो म्हणाला.

मी फसलो याचं दुःख होतंच. पण त्याला ती फसवणूक वाटतच नव्हती, हे जास्त लागलं. मांडवीला तो रडला ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर त्याला शिव्या घालून मोकळा तरी झालो असतो.

अलार्म मी दुसरीकडे काढून घेतला. आण्णांना काही सांगितलं नाही. येईल त्याला ते सांगतात, "माझा जीव वाचवला त्याने." मी हूं म्हणतो. तो येत का नाही असं त्यांनी विचारलं, तेव्हा दुकान बंद करून मुंबईला मुलाकडे गेला, असं ठोकून दिलं.

परवा नेहमीचा रस्ता खोदलेला, म्हणून त्याच्या दुकानावरून जावं लागलं. तो बाहेरच होता. गाडी ओळखून रस्त्याच्या कडेपर्यंत आला. आण्णांनी चांगला हात वर केला. "थांबव, थांबव!"

मी थांबवली नाही.

"दुकान उघडं आहे की," आण्णा म्हणाले. मी गिअर बदलला. थोडं पुढे गेल्यावर ते पुन्हा बोलले, "एवढे उपकार विसरलास, मेल्या?" आणि घर येईपर्यंत त्यांनी माझ्याकडे तोंड केलं नाही.