घाटमाथ्यावरचं गाऱ्हाणं

जयगडच्या बंदरावर गुणवंतीच्या तोंडी लागायची कुणाची छाती नव्हती. मी तिची शेजारीण, म्हणून सांगते. पाटीतली मासळी नखाने दाबून बघणाऱ्या गिऱ्हाइकाला ती असं काही बोलायची की तो माणूस पुढे कितीतरी दिवस मुकाट डाळभात खायचा. आणि असल्या बाईच्या पोटी शकू! तोंडात जीभ आहे की नाही अशी शंका यावी, इतकी गरीब. आवशीने हिच्या वाटणीचंही बोलून संपवलं, असं आम्ही म्हणायचो.

ही शकू दिली मिरजेला. जावई रेल्वेच्या शेडात कामाला. माणसं मूळची आमच्याच जातीची, पण घाटावर राहून नाकं वर गेलेली. सुकटीचा वास आला की सासू, ती यमुनाबाई, पदर नाकाला लावायची. मेलीच्या बापाचा जन्म होडीवर गेला, आणि हिला वास येतो! ते एक सोडा. पण त्या घरातली थोरली सून पहिल्याच बाळंतपणात गेली होती, कारण ह्याच सासूने सुईण बोलवायला नको तेवढा उशीर केला. शकूला सातवा लागला आणि गुणवंतीने मनाशी पक्कं केलं की पोर त्या घरात बाळंत होता कामा नये. पाऊस तोंडावर आलेला. तो लागला की आंबा घाटातली मोटार बंद, मग शकू तिकडे अडकली ती अडकलीच.

गुणवंती रत्नागिरीहून मोटारीने कोल्हापूर आणि तिथून आगगाडीने मिरज अशी गेली. दारातच यमुनाबाई म्हणाली, "आमच्यात काय बायका बाळंत होत नाहीत?"

"होतात की," गुणवंती म्हणाली. "मग मरतात."

झालं! जेवायलासुद्धा कुणी विचारलं नाही. पहाटेच दोघी मायलेकी स्टेशनावर. आगगाडीत एका बाईने "कोकणातल्या दिसता," म्हणत आपलं गाठोडं उचलून लांब ठेवलं, जसं काही ह्या ते खाणार होत्या. कोल्हापुरात मोटारीच्या एजंटाने त्यांना पार मागे, गुळाच्या ढेपांना टेकवून बसवलं. खड्डा आला की शकू ओठ चावून पोट धरायची. "सावकाश हाक रे मेल्या," गुणवंती ओरडली. मोटारवाला मागे न बघता म्हणाला, "बैलगाडी करायची हुतीस की म्हातारे!" आणि मोटारीतले सगळे हसले.

घाटमाथ्यावर इंजिनात पाणी घालायला मोटार थांबली. आता आमच्यात रीत अशी की पोटुशी बाई शीव ओलांडून येत असली तर शिवेवरच्या राखणदाराला नारळ ठेवून गाऱ्हाणं घालायचं. आणि एकदा घातलेलं गाऱ्हाणं अर्ध्यावर तोडायचं नाही. त्यापेक्षा न घातलेलं बरं. गुणवंतीने शकूला जागेवरच बसवलं, मोटारवाल्याला "थांब हां," म्हणाली आणि नारळ घेऊन रस्त्याकडेच्या शेंदूर फासलेल्या दगडाशी गेली. मोटारवाला इंजिनावर वाकून पाणी ओतत राहिला. आमच्या बंदरावर तांडेलाला थांब म्हटलं की तो होडी धरून ठेवतो, मग ओहोटी लागली तरी बेहत्तर. हिला वाटलं, मोटारीचंही तसंच.

दोन शब्दांत आटपलं तर ती गुणवंती कसली! "बा म्हाराजा, पोर माजी शीव वलांडतेय, तिला सुखरूप घरी पोचव. तिच्या सासूचं तोंड वाकडं कर. त्या एजंटाला हगवण लाव..." एवढ्यात मागे मोटार सुरू झाली. तिने ऐकलं. पण पोरीच्या जिवासाठी घातलेलं गाऱ्हाणं तोडायचं कसं? तिने ते पुरं केलं, नारळ फोडला आणि वळली, तर रस्ता मोकळा. शकूला घेऊन मोटार निघून गेली होती.

मग धावली. काष्टा घट्ट खोचून, सडक सोडून, बैलांच्या जुन्या वाटेने सरळ खाली. आधी शिव्या देत होती, मग शिव्याही सुचेनात. मोटारीत सगळे परके. धक्क्याने पोटात काही झालं तर? ही पोर तहानेने मरेल, पण कुणाकडे पाणी मागणार नाही. गुणवंती रडत धावत होती. हे तिने स्वतः मला सांगितलं म्हणून, नाहीतर माझा विश्वास बसला नसता.

खालच्या एका वळणावर तिला मोटार दिसली. उभी होती. उतारू खाली उतरून तावातावाने भांडत होते. झालं होतं असं की शकूने "आवस ऱ्हायली, आवस ऱ्हायली," म्हणून सांगून बघितलं, कुणी लक्ष दिलं नाही. मग तिने दोन्ही पायांनी गुळाची एक ढेप रस्त्यावर लोटून दिली. गूळवाल्या व्यापाऱ्याने बोंब ठोकली आणि मोटार जागच्या जागी थांबली. बघा, माणूस राहिलं म्हणून थांबली नाही, गूळ पडला म्हणून थांबली! तेवढ्यात शकू उतरली आणि पुढच्या चाकासमोर भर रस्त्यात मांडी घालून बसली.

"ऊठ, न्हाईतर घालतो अंगावर!" मोटारवाला ओरडत होता.

"घाल," शकू म्हणाली. "आवस आल्याबिगर मी उठायची नाय."

गुणवंती धापा टाकत पोचली. आता ही सगळ्यांची सालटी काढणार म्हणून उतारू मागे सरकले. पण हिचं रडणंच थांबेना. ती पोरीच्या शेजारी चाकासमोर बसली आणि तिचा हात घट्ट धरून बसूनच राहिली. मोटारवाला, गूळवाला, सगळे शहाणे उन्हात ताटकळत उभे.

शेवटी शकूनेच हात धरून तिला उठवलं. "पुरे रडणं. चल आये, घरी जाऊया," ती म्हणाली, आणि जन्मात पहिल्यांदा गुणवंतीने कुणाचं तरी मुकाट्याने ऐकलं.