चूक कबूल करायची नाही

मी विम्याचा एजंट. गाड्यांचे आणि दुकानांचे विमे सगळेच विकतात. मी त्यात आणखी एक प्रकार धरला: वैद्य, होमिओपॅथ, निसर्गोपचारवाले, सुया टोचणारे, या मंडळींच्या व्यवसायाचा विमा. उपचारात काही चुकलं आणि पेशंटने दावा लावला, तर वकिलापासून भरपाईपर्यंतचा भार कंपनी उचलते. आमच्या नाशिकच्या इंदिरानगरात अशा पाट्यांना तोटा नाही. तोटा आहे तो ऐकून घेणाऱ्यांचा. "आमच्या औषधांना साइड इफेक्टच नसतात, विमा कशाला?" हे मी इतक्या दवाखान्यांत ऐकलंय की पाण्याचा ग्लास समोर आला की आता हे वाक्य येणार, हे मला कळतं. माझं उत्तरही ठरलेलं. तेल आयुर्वेदिक असलं म्हणून भाजायचं थांबत नाही.

एका वैद्यबाईंनी मात्र पहिल्याच भेटीत विमा घेतला. चाळिशीच्या आतल्या, पंचकर्माचं छोटं केंद्र, दोन खोल्या आणि मागे तेल तापवायला शेगडी. मला त्या काका म्हणत. मी त्यांना पॉलिसीतली एकच अट दोनदा वाचून दाखवली, कारण माणसं तिथेच घसरतात. काहीही झालं तरी कंपनीला विचारल्याशिवाय पेशंटपुढे चूक कबूल करायची नाही. केलीत तर विमा हातचा जाऊ शकतो. "म्हणजे चुकलं असेल तरी?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "चुकलं असेल तेव्हाच तर प्रश्न येतो, मॅडम." त्या हसल्या आणि सही करून मोकळ्या झाल्या.

पुढच्या वर्षी त्यांच्याकडे चांदवडचे एक गृहस्थ आले. कांद्याचे व्यापारी. बाजार समितीत लिलावाच्या वेळी सकाळपासून ट्रॅक्टरच्या रांगांमधून चालायचं, हातात कांदा घेऊन दाबून बघायचा, बोली लावायची, हे त्यांचं आयुष्य. टाच धरली होती. बाईंनी शेक द्यायचा ठरवला. औषधी पाल्याची पोटली गरम तेलात बुडवून टाचेवर दाबत राहायची आणि मधून मधून विचारायचं, गरम लागतंय का. ते म्हणाले, नाही, अजून होऊ द्या. बाईंनी अजून होऊ दिलं. घरी जाईपर्यंत टाचेला फोड आले होते आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता. बायकोने चप्पल काढताना बघितलं.

त्यांना जुना मधुमेह होता. तळपाय बधिर झाले होते. हे त्यांनी बाईंना सांगितलं नव्हतं. विचारलं तेव्हा सरळ नाही म्हणाले. यात मला काही नवल वाटलं नाही. आपल्याकडे माणूस अ‍ॅलोपॅथीच्या डॉक्टरला खरं सांगतो आणि वैद्याला निम्मं, कारण डॉक्टर गोळी देऊन थांबतो आणि वैद्य ताटात हात घालतो. साखरेचं कळलं तर बाई चहा तोडतील, गूळ तोडतील, कारल्याचा रस मागे लावतील, म्हणून गृहस्थ गप्प बसले. पथ्याच्या भीतीने लोक वैद्यापासून काय काय लपवतात, यावर मी तासभर बोलू शकेन.

जखम चिघळली. त्यांना नाशिकला एका हॉस्पिटलात ठेवलं, मांडीची कातडी काढून टाचेला लावली. बाईंचा मला फोन आला. "मला भेटायला जायचंय." मी म्हटलं, जा, आपल्याकडे आजाऱ्याला बघायला न जाणं वाईट दिसतं, पण मी बरोबर येतो आणि तुम्ही तब्येतीपलीकडे काही बोलायचं नाही.

आम्ही शहाळी घेऊन गेलो. खाटेशेजारी बायको होती आणि तिशीतला मुलगा भिंतीला टेकून उभा होता. त्याची नजर बघून मी मनातल्या मनात वकील नेमला. तेवढ्यात खाटेवरूनच आवाज आला. "म्याडम, तुमचा काय दोष नाय. मीच साखरेचं लपवलं. तुम्ही इचारलं व्हतं." मग मुलाकडे वळून, "आन तू तोंड सोडू नको. चूक माझी हाय."

माझ्या धंद्यात याहून गोड वाक्य नाही. मी बाईंकडे पाहिलं. त्यांचे ओठ हलले, पण त्यांनी अट पाळली. "आराम करा," एवढंच म्हणाल्या. जिन्यावरून उतरताना मी त्यांना म्हटलं, सुटलात. त्या म्हणाल्या, "काका, टाच माझ्या हातात होती. साधी टाचणी टोचून बघितली असती तरी कळलं असतं. शेकाआधी बघायचंच असतं ते. मी बघितलं नाही." मी म्हटलं, हे मला सांगितलंत तेवढं पुरे.

तक्रार आली नाही. तरी ग्राहक आयोगात जायला दोन वर्षांची मुदत असते, त्यामुळे मी कानोसा घेत होतो. सहा-सात महिन्यांनी चांदवडला एका ट्रकच्या विम्यासाठी गेलो, तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. गृहस्थ ओसरीवर खाटेवर बसलेले. जखम भरली होती, पण पाय टेकवत नव्हता. लिलावाला आता मुलगा जायचा आणि त्याला अजून कांद्याची पारख नव्हती. चहा घेऊन बायको बाहेर आली. कप माझ्या हातात दिला आणि मी न विचारताच सुरू झाली. "ह्यांना इचारा, कुनामुळं बसल्यात घरात. बाई बिचारी इचारत व्हती, आन ह्यांना च्या सुटंना. पोरगं तिकडं गंडतंय. सगळं ह्यांच्या एका जिभंपायी." तो माणूस रस्त्याकडे बघत राहिला. हे रोजचं असणार, हे त्याच्या बसण्यावरून कळत होतं. मला वाईट वाटलं. हायसंही वाटलं, आणि दोन्हींतलं हायसं वाटणं जास्त होतं, हे लिहायला हरकत नाही.

परतल्यावर मी बाईंना खुशाली सांगायला केंद्रात गेलो. म्हटलं, काळजी सोडा, घरात सगळे त्यांनाच बोल लावतात, दाव्याचं कुणाच्या डोक्यातही नाही. मला वाटलं होतं बाई खूश होतील. त्यांनी बायकोचं बोलणं मला पुन्हा सांगायला लावलं. मग विचारलं, "ते काय म्हणाले?"

"काही नाही. ते काय म्हणणार? त्यांनीच तर कबूल केलंय."

बाई शेगडी बंद करून आल्या. "मी जाऊन सांगते."

मी माझ्या परीने समजावलं. सांगायला माझी ना नाही, म्हटलं, पण मुदत संपू द्या. मग खुशाल जा आणि पाय धरून माफी मागा, कुणी काही करू शकणार नाही. आज गेलात, उद्या मुलाने नोटीस पाठवली, की कंपनी हात वर करेल. हे केंद्र, ही खोली, यावरचं कर्ज, सगळं तुमच्या एकटीच्या गळ्यात. त्या शांतपणे ऐकत होत्या. मला वाटलं, पटलं.

"दीड वर्ष अजून," त्या म्हणाल्या. "तोवर ते रोज ऐकतील."

"ऐकू देत ना. माणसाला सवय होते."

यावर त्यांनी माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती मला आवडली नाही. मी रागावूनच निघालो.

चार दिवसांनी दुपारी फोन आला. "काका, काही झालं की लगेच कळवायचं असतं ना? कळवते आहे. चांदवडला जाऊन आले."

"मुलगा होता?"

"होता. शेजारीच बसला होता."

मी डोक्याला हात लावला. "काय सांगितलंत?"

"तेच. तुम्ही लपवलंत, पण पाय तपासायचं काम माझं होतं आणि मी ते केलं नाही. टाच माझ्यामुळे भाजली."

"आणि मुलगा?"

"तो काही बोलला नाही. अजून तरी." फोनमागे गाड्यांचा आवाज येत होता, बाई हायवेवरच कुठेतरी थांबलेल्या होत्या. "ते मात्र खाटेवरून उठले. भिंत धरत धरत स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, बायकोचा हात धरून तिला बाहेर आणलं, माझ्यासमोर उभं केलं आणि म्हणाले, म्याडम, आता हिच्यासमोर सांगा."

"मग?"

"मग मी परत सांगितलं, काका."