आखूड स्प्रिंगा

आमची आक्का मुरुडला राहते. मणक्याच्या दुखण्यासाठी तिला लातूरला दाखवायला आणणं माझ्याकडं होतं. माझी जुनी गाडी तिला फार आवडायची. मागच्या सीटवर मांडी घालून बसायची आणि वाटेत ऊस कुणाचा, विहीर कुणाची, सांगत राहायची.

मला मात्र ती गाडी उंच, बोजड दिसायची. शेवटी मी गाडीची उंची कमी करणाऱ्या, आखूड लोअरिंग स्प्रिंगा आणल्या. गॅरेजवाला म्हणाला, "शॉकअप बी याच्या जोडीचे टाका. स्प्रिंग आखूड झाली की जुन्या शॉकअपचा दांडा आधीच आत दबून राहतो. खड्ड्यात मग त्याला जागाच उरत न्हाई."

"बघू नंतर," मी म्हणालो. गाडी खाली बसली, चाकं मडगार्डात शिरली, आणि मी वेगवेगळ्या कोनांतून फोटो काढत बसलो.

पुढच्या वेळी आक्काला घेऊन निघालो. मुरुडच्या बाहेरच्या स्पीड ब्रेकरवर मागून धाडकन आवाज आला आणि आक्का "आई गं" म्हणून पुढच्या सीटवर कोसळली. आरशात पाहिलं, तर तिनं ओठ दाबून धरले होते.

"रस्ता लई खराब झालाय का रे?"

"हाव," मी म्हणालो.

दवाखान्यात तिनं डॉक्टरांना तेच सांगितलं. परत मुरुडला सोडताना ती मागच्या सीटवर आडवी झाली होती, आणि मी बैलगाडीच्या चालीनं गाडी चालवत होतो. तरी प्रत्येक खड्ड्याला तिचा श्वास अडकलेला मला ऐकू येत होता.

नंतर फोन केला की म्हणायची, "तू कशाला येतूस? मला एसटीच बरी पडती." कंबरेला पट्टा बांधून ती एसटीनं येऊ लागली. एकदा स्टँडवर तिला उतरताना पाहिलं. दांडी धरून, एकेक पाय टेकवत. मी हाक मारली नाही. तसाच गॅरेजला गेलो आणि त्या स्प्रिंगांना जुळणारे, आखूड दांड्याचे शॉकअप बसवून घेतले.

मग मुरुडला गेलो आणि तिला सगळं सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबला.

"म्हंजी रस्ता बरा होता?"

"होता."

"आन् मी गावभर रस्त्याला नावं ठेवत बसले की रे."

रागावली असती तर बरं झालं असतं. तिनं भाकरी तव्यावर टाकली आणि मला जेवायला वाढलं.

तिच्या पुढच्या तारखेला मीच न्यायला गेलो. खूप विनवल्यावर ती गाडीत बसली. तोच स्पीड ब्रेकर आला. मी गाडी हळू केली. गाडी अलगद वर गेली, अलगद टेकली, कसलाही आवाज झाला नाही.

"बघ, काही झालं का?" मी विचारलं.

"न्हाई," आक्का म्हणाली. पण दरवाजावरचं हँडल तिनं दोन्ही हातांनी धरलं होतं. लातूर येईपर्यंत तिनं ते सोडलं नाही, आणि वाटेतल्या एकाही विहिरीचं नाव घेतलं नाही.